आवतनाबाहेरची एक्केचाळीस दारं

घणसोली गावात मी नऊ वर्षं भाड्याने राहतो, आणि त्यातली साडेआठ वर्षं मी शेवंताबाईंवर चिडून होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासूनच त्यांच्या पाया पडत होतो.

मी हौसेराव, मूळचा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. वाशीच्या भाजी मार्केटात मापाडी आहे, म्हणजे काट्यापाशी उभं राहून दुसऱ्यांच्या मालाचं वजन करणारा. आमचं काम पहाटेच्याही आधी सुरू होतं आणि उन्हं वर आली की संपतं. साडेनऊला खोलीवर यायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे, आणि दार लावून आडवं व्हायचं ते दुपारी तीनपर्यंत. माझ्यासोबत बाबासो राहतो. तो त्याच मार्केटात पोती वाहतो. एकदा झोपला की त्याच्या नाकाशी हात धरून बघावं लागतं, माणूस आहे ना म्हणून. आमची खोली पुतळा नावाच्या घरमालकिणीच्या माडीवर आहे. खाली ती राहते, वर आम्ही अकरा खोल्या भाडेकरू. आमच्यावर पत्र्याची एक खोली आहे, तिच्यात क्रांती आणि तिची पाच महिन्यांची मुलगी मैत्री. क्रांतीचा नवरा ऐरोलीला एका कंपनीच्या ऑफिसात दिवसपाळीला असतो. ही माणसं मूळची रत्नागिरीकडची, बौद्ध. दारावर बाबासाहेबांचा छोटा फोटो आहे आणि त्याखाली मैत्रीचं टोपडं वाळत असतं.

आता शेवंताबाई. सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, पायांत कायम स्लिपर, आगरी पद्धतीनं नेसलेलं लुगडं. त्या गावाच्या धवलारीण. आमच्याकडे हा प्रकार नाही, त्यामुळे तो कळायलाच मला चार वर्षं लागली. आगऱ्यांच्या लग्नात भटजींइतकीच ही बाई लागते. ती धवळे गाते. गणपतीपासून सुरुवात करून गावदेवी, वेस, खाडी, मिठागरं, घरातली मेलेली माणसं, सगळ्यांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. तासच्या तास चालतं ते. लिहिलेलं एक अक्षर नाही. सासूनं म्हटलेलं ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं, बस्स. शेवंताबाई वीस वर्षांपूर्वी विधवा झाल्या, पण धवलारणीला ते आडवं येत नाही. तिच्यावाचून हळद लागतच नाही, तर आडवं येऊन सांगणार कुणाला?

देवांना बोलवायचं काम त्यांचं, म्हणून माणसांना बोलवायचंही त्यांच्याकडेच आलेलं. कुणाकडे हळद असो, साखरपुडा असो की बारसं, आवतन द्यायला शेवंताबाई निघायच्या. वाट ठरलेली. गावदेवीपासून सुरुवात, मग डाव्या हाताची आळी, मग विहिरीचा वळसा, मग शाळेमागचा पट्टा. सव्वाशे घरं. कुणाच्या आधी कोण, तेही ठरलेलं, कारण क्रम चुकला तर माणसं रुसतात आणि गावातला रुसवा दोन पिढ्या सहज टिकतो. पन्नास वर्षांत शेवंताबाईंचा क्रम एकदाही चुकला नाही, हे त्यांचे वैरीसुद्धा सांगत. त्या प्रत्येक दारात जात नसत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून एकेका घराला नावानं हाक मारत.

"पुतळाऽऽ, शुक्करवारी हलदीला येवाचा हां!"

आतून "आयलू गोऽऽ" असं उत्तर आलं की पुढचं नाव.

त्या आवाजाबद्दल काय सांगू? मी लिलावाच्या गलक्यात वाढलेलो, माझे कान निबर झालेत. पण हा आवाज मोठा नव्हताच. तो कुठूनतरी खालून निघायचा आणि घरांच्या भिंतींना न अडखळता शेवटच्या दारापर्यंत जायचा. शेवंताबाई त्याला जपतही तशाच. बर्फ नाही, लोणचं नाही, कुणाशी भांडण नाही. राग आला की त्या आणखी हळू बोलायच्या, आणि समोरचा आणखी घाबरायचा. "गला माजा नाय, गावाचा हाय," असं म्हणायच्या. मांडवाबाहेर आणि आवतनाबाहेर तो आवाज चढलेला गावानं कधी ऐकला नव्हता.

आणि माझा राग होता तो इथेच. ही हाक वर्षातून वीसेक वेळा माझ्या खिडकीखालून जायची, नेमकी माझ्या झोपेच्या वेळी. खाली पुतळाला बोलावणं. वर अकरा खोल्यांत माणसं आहेत याची दखलही नाही. संध्याकाळी मात्र डीजे असा लागायचा की आमच्या मांडणीवरची भांडी नाचायची. म्हणजे जेवायला आम्ही नाही आणि कान किटवायला मात्र आम्ही. मी बाबासोला म्हणायचो, "एकदा जाऊन विचारतोच त्या बाईला." बाबासो कूस बदलून म्हणायचा, "काय इचारतूस? आपुन हितं ऱ्हातुय, ह्येच त्यास्नी ठावं न्हाय."

पुढे कळलं की त्याचं अक्षरशः खरं होतं.

त्या वर्षी माघात शेवंताबाईंच्या नातीचं लग्न होतं. पन्नास वर्षं गावाच्या पोरींना हळद लावली, आता स्वतःच्या पोरीची पाळी, म्हणून बाईंचा आनंद पोटात मावत नव्हता. पौष लागला तसं त्यांनी बोलणंच कमी केलं. कोमट पाणी, ज्येष्ठमध, आणि कानाला फडकं. नातीचे धवळे असे गायचे की खाडीपलीकडं ऐकू जावेत, हा एकच हट्ट. सगळ्या गावाला तो माहीत होता, आणि पुतळाच्या बोलण्यातून मलाही.

त्यांची सून सुनयना, म्हणजे नवरीची आई, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या एका केमिकल कारखान्यात गेटच्या ऑफिसात काम करते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची. पौषातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला त्या कारखान्यात अमोनियाचा पाइप सांध्यात फुटला. आतला भोंगा वाजला, आतली माणसं शिकवल्याप्रमाणे एका बाजूला जाऊन उभी राहिली. ते सगळं नीट झालं. बाहेरच्यांचं काय, असं सुनयनानं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, आधी वर कळवू, मग काय सांगायचं तो मजकूर ठरेल, मग बाहेर सांगू. तोवर कुणीही फोन करायचा नाही.

सुनयनानं वर पाहिलं. वारा कुठला ते दाखवणारी लाल-पांढरी कापडी नळी छतावर असते, ती सरळ गावाकडे ताठ झाली होती. सुनयना बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि सासूला फोन केला.

"आई, अमोनिया सुटलाय. वारा गावाकरं हाय."

नंतर मी तिला विचारलं, सासूलाच का? ती म्हणाली, "दुसऱ्या कुणालाही फोन केला असता तर त्यांनी आधी माझं नाव विचारलं असतं, मग कंपनीचं, मग विचारलं असतं की नक्की का. आईंनी काहीच विचारलं नाही. नुसतं 'बरा' म्हटल्या आणि फोन ठेवला."

शेवंताबाई अंगणात आल्या आणि त्यांनी तोंड वर केलं. लहानपणी त्यांनी मिठागरात काम केलेलं. मिठागरातल्या माणसाला वारा कळला नाही तर त्याचं मीठ पिकत नाही. थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून खाडीकडे जाणारा. दुपारी तो पडतो आणि उलटा खारा वारा सुटतो. म्हणजे दुपारपर्यंत ही हवा कारखान्याकडून गावावर आणि गावावरून खाडीवर जाणार. घाबरलेला माणूस रस्त्याकडे पाठ करून नेमका खाडीकडे पळाला असता, त्या विषाच्या सोबतीनंच. शेवंताबाईंनी ठरवलं की वारा आडवा कापायचा, कोपरखैरण्याच्या बाजूच्या मैदानावर जायचं. हे सगळं ठरवायला त्यांना एक पदर ओला करण्याइतका वेळ लागला. मला हे आजही खरं वाटत नाही, पण अंगणात धुणं धुणारी शेजारीण साक्षीला आहे.

मग त्या गावदेवीपाशी गेल्या आणि त्यांनी पहिली हाक मारली.

पौष महिना. पौषात कुणाची हळद? बायका हातातलं टाकून दारात आल्या. आणि जो आवाज त्यांनी आयुष्यभर फक्त मंगल कार्यातच ऐकला होता, तो आवाज म्हणत होता, "गॅस बंद करा! वला फडका नाकाला लावा! मैदानावर चला! खाडीकरं कोनी जाव नको!" घराचं नाव, मग एवढंच. पुढच्या घराचं नाव, पुन्हा एवढंच. एकानंही "काय झालं गो" म्हटलं नाही. आतून सवयीनं "आयलू गोऽऽ" आलं आणि माणसं खरंच निघाली. लेकरं काखेत, म्हातारे पाठीवर.

बावीस मिनिटांत सव्वाशे घरं. मी आयुष्यभर वजनं केलेला माणूस आहे, आकडा ऐकला की तो खोटा आहे का ते आधी बघतो. मी स्वतः नंतर तो फेर घड्याळ लावून चाललो. नुसता चाललो, हाका न मारता. मला सव्वीस मिनिटं लागली.

आता माझी कबुली.

त्यातली एक हाक माझ्या खिडकीखालून गेली. "पुतळाऽऽ!" मी नुकताच डोळा लावला होता. ती मी ऐकली. शब्द नाही, पण आवाज ऐकला. आणि माझ्या मनात आलं, आलं यांचं आवतन. मी चादर डोक्यावर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. नऊ वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकलो होतो, की तो आवाज माझ्यासाठी नसतो. अकराच्या अकरा खोल्यांनी तेच केलं. नंतर बोलताना कळलं, जवळजवळ प्रत्येकानं ती हाक ऐकली होती.

मैदानावर शेवंताबाईंनी माणसं मोजली. आवतन देणाऱ्या बाईला तीही सवय असते, कोण आलं आणि कोण रुसून बसलं ते बघायची. डावी आळी आली. विहिरीचा वळसा आला. शाळेमागचा पट्टा आला. सव्वाशे घरं आली. त्या खाली बसल्या आणि पुतळानं त्यांना पाणी दिलं.

पुढचं मला पुतळानंच सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. शेवंताबाईंनी अर्धं पाणी प्यायलं आणि तांब्या तसाच धरून विचारलं, "पुतले, तुजे माडीवर कोन र्‍हातं?"

"भाडोत्री हायत. रातपालीचे, मार्केटवाले."

"ते खय हायत?"

पुतळानं गावाकडे पाहिलं. बाजूला आणखी दोघी घरमालकिणी होत्या, त्यांनीही तिकडेच पाहिलं. तिन्ही इमारती मिळून एक्केचाळीस खोल्या. शेवंताबाईंनी त्या तिन्ही इमारतींच्या खाली उभं राहून हाका मारल्या होत्या आणि मान एकदाही वर केली नव्हती.

"माजे पायांना ती दारंच ठावं नाय," असं त्या म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की पुतळाला आधी वाटलं, बाई चिडल्यात. मग त्या उठल्या, तांब्यातलं उरलेलं पाणी पदरावर ओतलं आणि गावाकडे चालायला लागल्या.

लोकांनी अडवलं. एकजण म्हणाला, बंब येईल. दुसरा म्हणाला, आता वास वाढलाय. पुतळा म्हणाली, "शेवंताबाय, तीन आठवड्यावर पोरीची हलद हाय. गला जाईल." हे बोलल्याबद्दल पुतळा अजून स्वतःला शिव्या घालते. पण मी तिला दोष देत नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि सर्वांत आधी ते शेवंताबाईंच्या मनात आलं असणार.

त्या थांबल्या नाहीत.

मला जाग आली ती दार हादरल्यानं. कुणीतरी तांब्यानं दार बडवत होतं. डोळे उघडले तर उघडेनात, आतून तिखट कोंबल्यासारखे. श्वास घेतला तो घशातच अडकला. आणि बाहेरून तोच आवाज. पण त्याला नाव सापडत नव्हतं. ज्या बाईला सव्वाशे घरांची नावं झोपेत पाठ, ती माझ्या दारात उभी राहून नावासाठी अडली होती. शेवटी तिनं माझं काम आठवलं.

"ए मार्केटवाल्याऽऽ! ऊठ रं! भायेर ये!"

मी दार उघडलं. समोर बुटकी म्हातारी, डोळे लालभडक, नाका-डोळ्यांतून पाणी. ओला पदर खांद्यावर पडलेला, तोंडावर नाही. मी म्हटलं, "आजी, पदर तोंडाला लावा!" त्या माझ्यावर खेकसल्या, "फडका लावला तं हाक जाईल कशी?"

हे वाक्य मी रोज आठवतो. अतिशयोक्ती नाही, रोज. ती बाई त्या हवेत तोंड उघडं ठेवून ओरडत होती, कारण तोंड झाकलं असतं तर आम्हाला ऐकू गेलं नसतं. एका हाकेला एक श्वास लागतो. एक्केचाळीस दारं, आणि प्रत्येक दाराला निदान तीन-चार हाका, कारण आतली माणसं दमून मेल्यासारखी झोपलेली. मी हिशेबाचा माणूस आहे, पण तेवढे श्वास मी मोजायला बसलो की माझं मन पुढे जात नाही.

बाबासोला मी पाय धरून ओढला. तोवर त्या पत्र्याच्या जिन्यानं वर गेल्या होत्या. क्रांतीनं वास आल्यावर खिडकी लावून घेतली होती, दाराला टॉवेल लावला होता. पोरीला पोटाशी धरून बसली होती बिचारी, कुणी सांगायला येईल म्हणून. तिनं केलं ते चुकीचं नव्हतं. पण तिच्या पत्र्याखाली चार बोटं फट, तिला ती काय बंद करणार? शेवंताबाई मैत्रीला ओल्या कपड्यात गुंडाळून घेऊन खाली आल्या आणि पोर माझ्या हातात कोंबलं. "धर. मैदानावर जा. खाडीकरं जाव नको. मी पुरे जातंव."

पोरगी खोकत होती. तेवढा तिचा खोकला ऐकू येतोय, एवढ्यावर मी चाललो. मागे क्रांती, तिच्यामागे बाबासो लुंगीवर. वळणावर मी मागे पाहिलं. शेवंताबाई शेजारच्या इमारतीचा जिना चढत होत्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. आणि गल्लीच्या तोंडातून पुतळा पळत येत होती, नाकाला ओलं फडकं आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. तिच्यामागे गावातली आणखी दहा-बारा माणसं. त्यांनी शेवटच्या चौदा खोल्या केल्या. सत्तावीस शेवंताबाईंनी एकटीनं.

साडेअकराला कोपऱ्यावर लाउडस्पीकरची गाडी आली. नागरिकांना सूचित करण्यात येते की, वगैरे. गल्लीत तेव्हा दोन कुत्री होती. मोबाइलवरचा संदेश बारा वाजून दहा मिनिटांनी आला. घाबरून जाऊ नये, परिस्थिती नियंत्रणात आहे. मजकूर चांगला होता, शुद्धलेखनही बिनचूक. साडेबाराला वारा पडला आणि मग उलटा फिरला, बाईंनी ओळखला होता तसाच.

एकोणीस जण हॉस्पिटलात गेले. एकही माणूस दगावला नाही. मैत्री तिसऱ्या दिवशी हसायला लागली. शेवंताबाई आठ दिवस होत्या. डॉक्टरांनी सुनयनाला बाहेर बोलावून सांगितलं की फुप्फुसं भरून येतील, पण घसा आतून भाजलाय. कुजबुजण्यापुरता आवाज राहील. गाणं विसरा.

मी त्यांना भेटायला गेलो. मूर्खासारखा म्हणालो, "आजी, आमच्यामुळं झालं." त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. कान तोंडाशी न्यावा लागला. "तुमच्यामुलं नाय रं. आधी वर बगितला असता तं एकाच फेऱ्यात झाला असता." एवढंच म्हणून त्या दमल्या आणि डोळे मिटून पडल्या. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. लाजायचं काय त्यात.

पुढे एक बैठक झाली. कंपनीची माणसं आली, सरकारी अधिकारी आले. कंपनीच्या साहेबांनी जरा खोदून विचारलं की गावाला बातमी दिली कुणी. सुनयना भिंतीला टेकून उभी होती, पांढरी पडलेली. शेवंताबाईंनी नातीला कानात सांगितलं आणि नातीनं सगळ्यांना ऐकवलं, "आजी म्हणते, तिला वासानं कळलं." साहेबांना पुढे विचारायचं धाडस झालं नाही. मग एक तरुण अधिकारी पुढे आले, भले वाटले. म्हणाले, आता असं काही झालं तर कारखान्यातून पहिला फोन थेट गावात यावा, म्हणून आम्ही यादी करतोय. आजी, तुमच्या फेऱ्यात किती घरं?

गावातल्या माणसांच्या तोंडावर उत्तर तयार होतं. पण नात पुन्हा वाकली, तिनं ऐकलं, आणि म्हणाली, "एकशे सहासष्ट."

मांडीवर हात ठेवून बसलेली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी मनात बेरीज केली. सव्वाशे आणि एक्केचाळीस.

माघ लागला. हळदीच्या आधी चार दिवस माझं दार वाजलं. दुपारचे चार वाजले होते. आम्ही जागे असतो ती वेळ बाईंनी विचारून ठेवली होती. आता हाक मारता येत नाही, त्यामुळे प्रत्येक दारात जाऊन, कान जवळ घेऊन सांगावं लागतं. पूर्वी अर्ध्या सकाळीत होणारा फेरा त्यांना चार दिवस पुरला. त्या दम खात उभ्या होत्या, सोबत सुनयना. बाबासो उठून उभा राहिला, शाळेत गुरुजी आल्यासारखा.

"मार्केटवाल्या, नाव काय रं तुजा?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी बाबासोचंही विचारलं. दोन्ही नावं ओठांतल्या ओठांत घोळवली, शुक्रवारी यायचं म्हणून सांगितलं आणि पत्र्याच्या जिन्यानं क्रांतीकडे गेल्या. मला वाटलं, आवतनापुरती विचारली असतील नावं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. क्रांती, तिचा नवरा, मैत्री, सगळे. मांडवात पाचएकशे माणसं, आणि डीजे नेहमीसारखा छाती फोडत होता. मग नवरीला पाटावर बसवलं, शेवंताबाई तिच्या शेजारी बसल्या, आणि सुनयनानं हात वर केला.

डीजे बंद झाला. पोरं नाचायची थांबली. आगऱ्यांच्या हळदीत डीजे बंद होणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. शेवंताबाईंचे ओठ हलायला लागले. आवाज येत नव्हता, नुसता वारा. सुनयनानं सासूच्या तोंडाशी कान नेला, ऐकलं, आणि मोठ्यानं म्हटलं. पुन्हा कान, पुन्हा मोठ्यानं. सुनयना ऑफिसात जाणारी बाई, तिनं धवळे कधी मनावर घेतले नव्हते. तिचा सूर हलत होता, मध्येच तुटत होता. पण शब्द सगळे येत होते. गणपती आला. गावदेवी आली. वेस, विहीर, मिठागरं आली, खाडी आली. बाईंचा नवरा, सासू, सासरे आले. पाचशे माणसं श्वास रोखून एका कुजबुजीसाठी बसली होती, आणि मी आयुष्यात कुठल्याही देवळात असा गप्प बसलेलो नाही.

मग घरं सुरू झाली. डावी आळी. विहिरीचा वळसा. पुतळाचं घर आलं. सुनयनानं पुन्हा कान नेला. ऐकून तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं मान हलवली, आणि सुनयना मोठ्यानं म्हणाली,

"पुतळाचे माडीवरचा हौसेराऽव, हलदीला येऽ."

बाबासोनं माझा दंड धरला. "आयला, तुजं नाव."

पुढे बाबासोचं आलं. क्रांतीचं आलं, तान्ह्या मैत्रीचं आलं. एक्केचाळीस खोल्या, माणसांसकट, क्रमानं. एकही चुकली नाही. पण ते मी नंतर ऐकलं. माझं नाव आलं तेव्हा सुनयना थांबली होती, आणि शेवंताबाई लाल, थकलेल्या डोळ्यांनी गर्दीत मला शोधत होत्या. हाकेला उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, अशी त्यांची रीत.

मी उभा राहिलो. त्या सकाळी चादर ओढून घेतलेला मी, पाचशे माणसांत उभा राहिलो आणि जेवढा माझा घसा आहे तेवढ्यानं ओरडलो, "आलो, आजी!"